रॅम्प स्टेजला, तंबू चिखलात

आमच्या शहराच्या उद्यान खात्याला अपंगांचा कळवळा आला, ही बातमी मी दाढी करता करता रेडिओवर ऐकली आणि हनुवटीला कापून घेतलं. सरकारी कळवळ्यात कुणाचं तरी रक्त निघतंच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कापूस लावला आणि रेडिओचा आवाज वाढवला. मोठ्या बागेत 'विशेष कुटुंबांसाठी' एका रात्रीचा मुक्काम, तंबू खात्याचे, सगळ्या सोयी सुगम, असं निवेदिका लाडिक आवाजात सांगत होती. 'विशेष' म्हणजे आम्ही. हा शब्द मी एरवी हॉटेलच्या फळ्यावर वाचतो. तिथेही तो कालच्या उरलेल्या पदार्थाला लावतात.

आमची लेक सातवीत आहे. जन्मापासून तिचे पाय चालत नाहीत. बाकी सगळं, त्यातही जीभ, उत्तम चालतं. ती व्हीलचेअरमधून शाळेत जाते, भांडते आणि गणितात माझ्यासारखीच नापास होते. गेल्या महिन्यात तिचा वर्ग डोंगरावर कॅम्पला गेला. वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावून, 'तिच्याच सोयीसाठी' तिला घरी ठेवा, असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. परत आल्यावर सगळ्या वर्गाने सह्या करून तिला एक कार्ड दिलं. कार्डावर तोंडात थर्मामीटर धरलेलं अस्वल होतं आणि खाली छापलं होतं, 'तुझी आठवण आली. लवकर बरं वाटू दे!'

"मला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही," लेक म्हणाली आणि तिने ते कार्ड खणात टाकलं.

रेडिओवरची बातमी ऐकून मात्र ती आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आली. "बाबा, मला तंबूत झोपायचंय. खऱ्या. आणि सोमवारी वर्गात सांगायचंय."

बस, एवढंच. एवढीशी गोष्ट बिघडवायला किती शिकलेली माणसं लागतात, याची मला तोवर कल्पना नव्हती.

सुरुवात अर्थातच शेजारातून झाली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांना अख्खी इमारत 'सल्लागार' म्हणते. आमची बातमी कळताच ते जिना उतरून आले आणि न विचारता खुर्चीत बसले.

"नेऊ नका. माझ्या साडूच्या भाच्याने असाच तंबूत मुक्काम केला. सकाळी उठला तर मान डावीकडे. आजतागायत डावीकडेच आहे."

"तंबूमुळे?"

"ते मी कसं सांगणार? मी काय डॉक्टर आहे?" ते म्हणाले. मग त्यांनी गारठा, डास, विंचू, भटकी कुत्री आणि दव या विषयांवर क्रमाने भीती घातली, माझ्या बायकोने केलेली कॉफी प्यायली आणि जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सुस्कारा सोडला. त्यांचा सुस्कारा घरात बराच वेळ रेंगाळतो. लेक म्हणाली, "यांना तरी न्या कुणीतरी कॅम्पला."

समोर राहणारे दातांचे डॉक्टर त्यापेक्षा घातक निघाले. त्यांनी सल्ला दिला नाही, तंबू आणून दिला. "खात्याच्या तंबूवर विसंबू नका. आणि उभारायची सवय करून घ्या," म्हणाले. मी त्याच संध्याकाळी दिवाणखान्यात सवय करायला घेतली. लेक सूचना वाचत होती, बायको 'जपून' म्हणत होती, मी तंबूच्या पोटात होतो. एक काठी सोफ्याच्या दांडीला, दुसरी टीव्हीच्या टेबलाला आणि तिसरी वर पंख्याकडे. पंखा बंद होता. तो कुणी लावला हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण बटण बायकोच्या हाताशी होतं आणि तिला उकडत होतं. तंबू माझ्यासकट गरगरला, टेबलावरचा दिवा खाली आला आणि मी कापडात गुंडाळला जाऊन सोफ्यामागे पडलो. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. लेक इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि माझ्या मेहनतीचं एवढंच चीज झालं.

नावनोंदणी खात्याच्या ऑफिसात होती आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती. ती इतकी जुनी होती की दाराला नवा रंग देताना रंगाऱ्याने पाटी न काढता तेवढी जागा सोडली होती. मी लेकीला बायकोसोबत खाली अंगणात ठेवलं आणि वर गेलो.

इथे एक सांगायला हवं. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. लोकांना 'उद्या या' म्हणायचा मला पगार मिळतो. मी ते कधी चिडून म्हणत नाही. माझ्या 'उद्या या'ला एक घरंदाजपणा आहे, असं आमचे वरिष्ठही मानतात. त्यामुळे खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय, हे मला फारसं ठाऊक नव्हतं.

कारकूनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विशेष व्यक्ती कुठाय?"

"खाली. तिला चालता येत नाही."

"विशेष व्यक्तीने स्वतः समक्ष यावं लागतं."

"अहो, तिला चालता येत नाही म्हणूनच ती विशेष आहे."

"ते तुम्ही म्हणता. आम्ही कसं धरून चालायचं?" मग त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही वीज कंपनीतले ना? तक्रार खिडकी?"

बाईंचं एका खोलीचं बिल एका कारखान्याएवढं आलं होतं आणि मी त्यांना अत्यंत घरंदाजपणे पुन्हा पुन्हा उद्या बोलावलं होतं, ही हकिगत त्यांनी ऑफिसभर ऐकू जाईल अशी सांगितली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कामं टाकून ऐकू लागली. म्हणजे हातातली वर्तमानपत्रं त्यांनी खाली ठेवली. शेवटी मी हात जोडले आणि बाईंना खिडकीपाशी यायची विनंती केली. खाली अंगणात लेक खुर्चीत बसली होती. तिने वर बघून हात हलवला.

"हात तर चांगला हलवतेय," बाई संशयाने म्हणाल्या. पण शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांचा चेहरा समाधानाने उजळला होता आणि तो शिक्क्याचा आनंद नव्हता.

मग आम्ही बाग बघायला गेलो. बागेचं रोजचं फाटक म्हणजे लोखंडी नळ्यांचा एक नागमोडी बोळ आहे. अंग चोरून, वळणं घेत माणूस आत जातो. खुर्ची पहिल्याच वळणाला अडली.

"हे मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून केलंय," रखवालदार म्हणाला.

"ही मोटरसायकल नाही."

"चाकं आहेत ना?"

लेक म्हणाली, "चाकांची बॅग ओढत येणाऱ्यांना सोडता, आणि मला नाही?" त्यावर रखवालदार पाघळला आणि त्याने आम्हाला बागेला वळसा घालून मागच्या अंगाला नेलं. तिथे पालापाचोळा आणि कचरा नेणाऱ्या हातगाडीचं रुंद फाटक होतं. कुजक्या पानांच्या ढिगाजवळून आम्ही आत शिरलो. मी नाकाला रुमाल लावला आणि मनातल्या मनात खात्याला एक खरमरीत पत्र लिहायला घेतलं.

पत्र लिहायची वेळ आली नाही, कारण खात्याच्या मोठ्या साहेबांनी मलाच बैठकीला बोलावलं. 'पालक प्रतिनिधी' म्हणून. माझा राग तिथेच निम्मा उतरला. मी लग्नातला कोट बाहेर काढला. कोटाचं बटण लागेना, तर बायको म्हणाली, "प्रतिनिधीने श्वास सोडायचाच नाही." मी श्वास रोखून फाटकाबद्दल बोललो आणि मग, तंबूपर्यंत जायला एक रॅम्प आणि जवळच सपाटीवर एक स्वच्छतागृह, एवढंच मागितलं. मोठे साहेब भरल्या अंगाचे आणि भरल्या गळ्याचे होते. "या मुलांकडून आपणच खूप शिकायचं असतं," ते म्हणाले. शेजारी बसलेल्या इंजिनिअरने 'रॅम्प' आणि 'स्वच्छतागृह' असे शब्द लिहून घेतले. मी तृप्त होऊन बाहेर आलो आणि वाटेत कोटाचं बटण तुटलं.

मुक्कामाचा दिवस उजाडला. संध्याकाळी बागेशी पोचलो तर मोठं फाटक आमच्यासाठी उघडं ठेवण्याऐवजी फुलांनी सजवलेलं. त्यावर आडवी रेशमी फीत. साहेब येऊन फीत कापेपर्यंत कुणालाही सोडायचं नव्हतं. "तोवर विशेष लोकांनी मागून यावं," असा निरोप होता. पुन्हा तेच फाटक, तोच कुजका ढीग. आमच्या पुढे एक टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांना दिसत नाही. ते बायकोचा खांदा धरून चालले होते.

"सजावट छान आहे हं," त्यांनी वास घेत म्हटलं. तेव्हापासून मला तो माणूस आवडला.

आत गेल्यावर मात्र मी डोक्याला हात लावला. बागेतली हिरवळ फोटोत हिरवीगार दिसावी म्हणून माळ्यांनी दिवसभर पाणी सोडलं होतं. हिरवळीचा चिखल झाला होता. ओल बाधू नये म्हणून सगळे तंबू त्या चिखलाच्या मधोमध लाकडी चौथऱ्यांवर ठेवले होते आणि प्रत्येक चौथऱ्याला पायरी होती. खुर्ची हिरवळीवर घातली तशी चाकं रुतली. आणि या सगळ्यापासून दूर, फरशीच्या वाटेच्या टोकाला, झळझळीत दिव्यांत, एक भलंमोठं स्टेज उभं होतं. त्या स्टेजला एक रॅम्प होता. काय रॅम्प होता! रुंद, सौम्य चढाचा, दोन्ही बाजूंना कठडे, वर लाल गालिचा. स्टेजच्या मागे त्याच पातळीवर नवंकोरं स्वच्छतागृह होतं.

मी इंजिनिअरला गाठलं. "अहो, रॅम्प तंबूंना हवा होता!"

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "कार्यक्रम कुठाय?"

"स्टेजवर."

"मग? जिथे कार्यक्रम, तिथे रॅम्प. तंबूत काय, नुसतं झोपायचंय."

खरं सांगतो, त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. खात्याच्या लेखी कार्यक्रम म्हणजे भाषणं. आम्ही तिथे राहायला आलो होतो ही भाषणांनंतरची किरकोळ अडचण होती.

भाषणं झाली. साहेबांचा गळा अनेकदा भरून आला आणि माइकमधून त्याचा घोगरा आवाज सगळीकडे पसरला. मग सगळ्या विशेष कुटुंबांना रॅम्पवरून वर नेऊन भेटवस्तू दिल्या. टेलिफोन ऑपरेटरना टॉर्च मिळाला. माझ्या लेकीला एका बुटांच्या दुकानातर्फे पळण्याचे बूट.

"झिजायची काळजी नाही," ती म्हणाली. साहेबांनी तिच्या गालाला हात लावला आणि फोटो निघाला.

चिखल बघून बाकीची कुटुंबं भेटवस्तू घेऊन घरी गेली. साहेब आणि त्यांचा सेक्रेटरीही निघणार होते. पण फोटोग्राफरला साहेब तंबूतून बाहेर डोकावताना हवे होते. साहेब चिखल तुडवत, पायरी चढून, रांगत तंबूत शिरले. बाहेर डोकावले. डोळे मिटले गेले म्हणून पुन्हा डोकावले. प्रकाश नीट नाही म्हणून तिसऱ्यांदा. एवढ्यात बाग बंद व्हायची घंटा झाली आणि रखवालदाराने मोठं फाटक ओढून कुलूप घातलं, नागमोडी फाटकाला साखळी लावली आणि किडकिडीत फोटोग्राफरला तेवढ्यात फटीतून निसटू दिलं.

"अरे, उघड!" सेक्रेटरी गजांतून ओरडला. "साहेब आत आहेत!"

"विशेष कुटुंबांच्या सुरक्षेसाठी रात्री कोणत्याही परिस्थितीत फाटक उघडायचं नाही," रखवालदार पलीकडून म्हणाला. "साहेबांची सही आहे. किल्ल्या ऑफिसात जमा करायला दिल्या, खात्याची गाडी त्या घेऊनसुद्धा गेली." आत कुणाला रात्री काही झालं तर काय करायचं, हे त्या हुकमात नव्हतं. सुरक्षा बाहेरच्यांपासून द्यायची होती.

ऑफिसची किल्ली कारकूनबाईंकडे होती. साहेबांनी स्वतः फोन लावला. शांतता होती, त्यामुळे पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "कोण साहेब? आवाज ओळखीचा वाटत नाही. ऑफिस बंद झालंय. उद्या या."

मी आयुष्यभर ते दोन शब्द वापरले, पण इतके सुरेल कधी म्हणू शकलो नाही.

इकडे मी लेकीला म्हटलं, "चल, मी तुला उचलून तंबूत ठेवतो."

"नको."

"अगं, पायरीपुरतं."

"उचलूनच जायचं असतं तर डोंगरावरही गेले असते ना, बाबा." ती रडत नव्हती, पण बघत स्टेजकडे होती. "तंबू तिकडे आणा."

आणि आम्ही आणले. मी, बायको, टेलिफोन ऑपरेटर आणि त्यांच्या पत्नी, चिखलात पाय रुतवत आम्ही दोन तंबू चौथऱ्यांवरून ओढले आणि त्या लाल गालिच्यावरून वर चढवले. सेक्रेटरी 'स्टेजवर परवानगी नाही' म्हणत मागे धावत होता, त्याचा एक बूट चिखलात राहिला. दिवाणखान्यातली सवय त्या रात्री कामी आली. मी लेकीचा तंबू कुणाच्याही मदतीशिवाय उभारला. त्याचं दार भिंतीकडे झालं, हे लेकीने लक्षात आणून दिल्यावर फिरवला. वर कापडी फलक होता, 'विशेष कुटुंबांचे हार्दिक स्वागत'. पहिल्यांदाच तो खरा वाटला.

ती खुर्चीतून फळीवर सरकली आणि हातांवर पुढे होत स्वतः तंबूत शिरली. मी मागोमाग डोकं घातलं.

"बाबा, बाहेर. हा एकटीचा आहे."

मी अपमान गिळून भाषणाच्या टेबलामागे चादर पसरली. टेलिफोन ऑपरेटरनी तिला देऊन टाकलेल्या टॉर्चचा उजेड आतून कापडावर फिरत होता. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही. शेजारच्या तंबूतून टेलिफोन ऑपरेटर बायकोला विचारत होते, "तारे दिसतायत का गं?" "ढग आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे आज आपण सारखेच," ते म्हणाले आणि घोरू लागले.

साहेबांसाठी चौथऱ्यावरचा तंबू उरला होता.

सकाळी किंचाळी ऐकून जागा झालो. साहेबांची कंबर धरली होती. ते तंबूच्या दारात अर्धे आत, अर्धे बाहेर, कालच्या फोटोतल्यासारखेच पडले होते. फक्त चेहरा वेगळा होता. पायरी उतरणं सोडाच, त्यांना कुशीवर वळता येईना. सेक्रेटरी धावत स्टेजपाशी आला आणि लेक समोर बसलेली असताना मला म्हणाला, "तिची खुर्ची द्या ना जरा. साहेबांना हवीय."

"मला विचारा," लेक म्हणाली.

"बरं बाळ, देशील?"

"देईन की. पण साहेबांनी स्वतः समक्ष येऊन मागितली पाहिजे."

आता ते कसं जमावं? साहेब येऊ शकत नव्हते आणि बसूही शकत नव्हते. फाटकांच्या किल्ल्या अजून ऑफिसात होत्या. सकाळी उघडलं ते एकच, मागचं. त्याची किल्ली सफाई कामगारांकडेच असते, कारण खात्याच्या लेखी ते फाटकच नाही. सफाई कामगार हातगाडी घेऊन आत आले. आम्ही सगळ्यांनी मिळून साहेबांना उचललं.

"हळू! हळू! अरे, उचलण्याआधी मला विचारा तरी!" साहेब कळवळले.

"बघा, कळतं," लेक म्हणाली.

साहेबांना पानांच्या गादीवर आडवं केलं आणि हातगाडी निघाली. कुजक्या ढिगाजवळून, रुंद फाटकातून, आरामात. त्यांच्या मागोमाग लेक आपल्या खुर्चीत, मांडीवर पळण्याचे बूट ठेवून. रखवालदाराने दोघांनाही एकच सलाम ठोकला.

सोमवारी लेक शाळेतून आली ती घसा बसवून. वर्गाने तिला हातगाडीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती. डोंगरावरच्या कॅम्पमध्ये एकही साहेब अडकला नव्हता. बाईंनी मधेच थांबवून, 'असं कुणाच्या दुखण्याला हसू नये,' असं सांगितलं म्हणे.

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय. पटलं मला."

तिने खण उघडला, थर्मामीटरवालं अस्वल बाहेर काढलं, पाकिटात घातलं, वर साहेबांचा पत्ता लिहिला आणि मला टपालात टाकायला दिलं. मी टाकलं.

काल सेक्रेटरी वीज कंपनीत माझ्या खिडकीवर आला होता. साहेब अजून पट्टा लावून बसतात, पण कार्ड वाचून फार गहिवरले, असं त्याने सांगितलं. खाली इतक्या मुलांच्या सह्या बघून तर त्यांचा गळाच भरून आला. ते म्हणाले, बघा, या मुलांची मनं किती मोठी असतात! आता ते कार्ड त्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावलंय, बंद लिफ्टच्या बरोबर समोर.